थांबांचं ग्राफिक्स कार्ड

आमच्या रुग्णालयात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. पगाराच्या यादीत ते नाव होतं, तेवढंच. बाकी सगळे त्यांना थांबा म्हणायचे. एक्स-रे काढताना जाड काचेमागे उभं राहून ते दिवसातून साठ-सत्तर वेळा म्हणायचे, "श्वास घ्या. थांबा. सोडा." त्यातला मधला शब्द त्यांना चिकटला. नवीन आलेल्या एका डॉक्टरीणबाईंना तर ते आडनावच वाटलं होतं, आणि थांबांच्या रजेच्या अर्जावर शिफारस करताना त्यांनी तसं लिहिलंही होतं. थांबांनी तो अर्ज न दुरुस्त करता तसाच पुढे पाठवला. रजा मंजूर झाली.

मी त्याच विभागात रिपोर्ट टाईप करते. डॉक्टर फिल्म बघून बोलतात, ते हेडफोनवर ऐकायचं आणि उतरवून काढायचं, हे माझं काम. माझ्या खोलीत आणि त्यांच्या खोलीत एक हातभर खिडकी आहे, कागद सरकवण्यापुरती. अकरा वर्षं मी त्या खिडकीतून त्यांना बघत आले. दुपारी आम्ही एकाच टेबलावर डबा उघडायचो, कारण विभागात टेबल एकच होतं. त्याला मैत्री म्हणायचं का, हे मी कधी ठरवलं नाही. त्यांनीही ठरवलं नसावं.

चोपन्न वर्षांचे होते. उंच, आणि उंच माणसं दारं चुकवून चुकवून वाकतात तसे थोडे वाकलेले. लग्न झालं होतं, दोन वर्षांत मोडलं. त्याबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले. म्हणाले, "ती चांगली होती. मी बोलत नव्हतो." आणि डब्याचं झाकण लावून उठून गेले.

त्यांच्या कामाचा एक नियम होता. दिसलं ते पेशंटला सांगायचं नाही. टेबलावर झोपलेला माणूस मान वळवून विचारतोच, "काय दिसतंय हो?" थांबांचं उत्तर ठरलेलं, "डॉक्टर सांगतील." सव्वीस वर्षं रोज फिल्म बघितलेल्या माणसाला काय दिसत नसणार? पुष्कळदा डॉक्टरांच्याही आधी दिसायचं. पण तोंडाला कुलूप. मला मात्र कळायचं. फिल्ममध्ये काही वाईट असलं की ते काचेमागून बाहेर यायचे, पेशंटचं कोपर धरायचे आणि म्हणायचे, "हळू उतरा, घाई नाही." बाकीच्यांना ते स्वतःचं स्वतः उतरू द्यायचे.

हे गृहस्थ घरी कॉम्प्युटरवर गेम खेळतात, हे मला चौथ्या-पाचव्या वर्षी कळलं. मला हसू आलं. मी म्हटलं, "म्हणजे ते बंदुका घेऊन धावतात, तसलं?"

"नाही, नाही. ट्रक चालवायचा."

"ट्रक?"

"माल भरायचा, दुसऱ्या गावाला नेऊन उतरवायचा. दोघांनी मिळून. पुढे दादा, मागे मी."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. सात वर्षांनी मोठे. तरुणपणीच परदेशात गेले, तिथल्या बंदरात पस्तीस वर्षं क्रेन चालवली आणि निवृत्त झाले. वहिनी वारल्यावर गावाबाहेरच्या घरात एकटेच राहत होते. मुलगी त्याच देशात, पण गाडीने तासाभरावर. हे दोघे भाऊ लहानपणी एका अंथरुणात झोपलेले, पण फोनवर बोलायचं म्हटलं की दोघांचंही घोडं अडायचं. "कसा आहेस", "बरा आहे", "हवा कशी आहे", "बरी आहे", संपलं. मग कधीतरी दादांच्या मुलीने वडिलांना हा गेम दाखवला, दादांनी भावाला सांगितलं, आणि रस्ता सापडला. ट्रक चालवताना समोर बघायचं असतं, त्यामुळे बोलायचं दडपण नव्हतं. मधेच दादा म्हणायचे, "बारक्या, आईचा आवाज आठवतो का रे तुला?" आणि थांबा गिअर बदलत म्हणायचे, "थोडा थोडा."

दर रविवारी इथे सकाळचे दहा वाजले की तिकडे दादांची संध्याकाळ असायची. दोन तास. आठ वर्षांत त्यांनी फार थोडे रविवार चुकवले. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस थांबा कसे काढायचे, ते मला दिसतच होतं. ते दोन तास मला फक्त ऐकून माहीत होते. सोमवारी डबा खाताना ते सांगायचे, "काल लाकडं नेली. घाटात धुकं होतं."

त्या गेमची नवीन आवृत्ती आली आणि अडचण सुरू झाली. दादांना मुलीने नवा कॉम्प्युटर घेऊन दिला होता, त्यांच्याकडे ती झोकात चालायची. थांबांचा कॉम्प्युटर जुना. चित्र रंगवायचं काम ज्या भागाचं, ते ग्राफिक्स कार्ड त्याहून जुनं. त्यांनी सगळं कमीत कमीवर आणून ठेवलं तरी झाडं पुठ्ठ्याची दिसायची, रस्त्यावरची पाटी तिच्या खाली पोचल्यावर उमटायची, आणि पाऊस लागला की चित्र अडखळत पुढे जायचं.

"दादा म्हणतो, ते डबडं फेक आणि कार्ड बदल," त्यांनी मला सांगितलं.

"मग बदला."

"बघतोय."

हे बघणं तीन महिने चाललं. रोज दुपारी डब्याशेजारी नवीन कागद. लोकांची मतं, तुलनेचे तक्ते, कुठलं कार्ड किती तापतं, कुणाचा पंखा आवाज करतो. जुन्या कॅबिनेटमध्ये मावेल का, वीज पुरवणाऱ्या जुन्या पॉवर सप्लायला झेपेल का, कार्ड नवं घेतलं आणि बाकीचं मशीन मागे पडलं तर काय उपयोग. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी ऐकून ऐकून अर्धी पंडित झाले. पैशाचा प्रश्न नव्हता. एकट्या माणसाचा खर्च तो काय. पण दर वेळी काहीतरी निघायचं. पुढच्या महिन्यात नवं मॉडेल येतंय. मग, ते आलंय पण त्यात खोट असेल, सहा महिने जाऊ द्यावेत. मग, आता उकाडा आहे, नवं कार्ड तापेल.

मी एक दिवस कंटाळून म्हटलं, "लग्न ठरवायलासुद्धा एवढा वेळ लागत नाही."

"लग्न मी दहा मिनिटांत ठरवलं होतं," ते म्हणाले. "म्हणून तर."

एका शनिवारी अर्धा दिवस होता. माझ्या घराच्या वाटेवर कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे. मी त्यांना अक्षरशः ओढून तिथे नेलं. दुकान चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, केसांच्या अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर खोचलेला. गिऱ्हाइकाला नको ते गळ्यात मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी थांबांचं सगळं ऐकून घेतलं आणि पाच मिनिटांत तीन महिन्यांचा गुंता सोडवला. "हे कार्ड घ्या. मधलं आहे, तुमच्या कॅबिनेटमध्ये बसेल. पॉवर सप्लाय बदलावा लागेल. बाकी मशीन अजून चार वर्षं चालेल. मोठं कार्ड घेऊ नका, तुम्हाला त्याचा उपयोग नाही."

मला वाटलं, झालं. थांबा काउंटरवरचं खोकं हातात घेऊन उलटंपालटं करत उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "एक विचारू? हे बसवलं की दुसऱ्याची गाडी सरळ दिसेल का?"

"म्हणजे?"

"आम्ही दोघं खेळतो. माझा भाऊ पुढे असतो. त्याचा ट्रक मला वाकडा जाताना दिसतो."

बाई विचारात पडल्या. "थोडं अडखळणं कमी होईल. पण भावाचा ट्रक कुठे आहे हे तुमचं कार्ड ठरवत नाही. ते त्यांच्याकडून येतं. त्यांनी वाकडा चालवला तर तुम्हाला वाकडाच दिसणार, फक्त आतापेक्षा स्वच्छ."

थांबांनी खोकं हळूच खाली ठेवलं. "पुढच्या आठवड्यात येतो," म्हणाले आणि बाहेर पडले.

मी चिडले होते. रस्त्याच्या कडेला एक बाक होता, तिथे ते मला न विचारताच बसले. मीही बसले. ते येणारी-जाणारी वाहनं बघत राहिले. मग बोलायला लागले, आणि माझा राग जागच्या जागी विरला.

"मी दर रविवारी त्याच्या मागे असतो," ते म्हणाले. "त्याचा ट्रक डावीकडे घासतो. कठड्याला, खांबाला, उभ्या गाड्यांना. उजवीकडे कधीच नाही. डावीकडचं वळण आलं की त्याला उशिरा कळतं. पहिल्यांदा मी म्हणालो, दादा, घासतोयस. तो म्हणाला, तुझं चित्र अडखळतं म्हणून तुला मी वाकडा दिसतो, कार्ड बदल. मी म्हटलं, असेल."

"मग?"

"कार्ड बदललं की मग 'असेल' म्हणता येणार नाही."

तीन महिन्यांचे कागद, तक्ते, पंखे आणि उकाडा, हे सगळं कशासाठी होतं ते मला तेव्हा कळलं.

"फोन करा ना त्यांना. डोळे तपासून घ्या म्हणावं."

"क्रेनवाल्याला?" ते कोरडं हसले. "साठ फुटांवर बसून त्याने पस्तीस वर्षं कंटेनर ठेवले, बाई. बोटभर चुकला नाही कधी. आमच्या घरात त्याच्या नजरेच्या गोष्टी सांगतात. आणि मी काय सांगू? गेममध्ये तुझा ट्रक घासतो? शिवाय मला तरी कुठे खात्री आहे?"

खात्री होती. मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा त्यांनी उजव्या हाताने बाकाची कडा धरली होती, जसं ते पेशंटचं कोपर धरायचे.

त्यानंतर दोन आठवडे ते कार्डाबद्दल बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. माझी चूक झाली, असं मला आता वाटतं. पण दुसऱ्याच्या घरातलं आपण किती ओढून काढायचं, हा प्रश्न पडतोच.

मग एका सोमवारी त्यांनी डबा उघडलाच नाही. म्हणाले, "काल दादा हसत सांगत होता. त्याच्या खऱ्या गाडीचा आरसा तुटला. घराचं फाटक अंगावर आलं म्हणे."

"कुठला आरसा?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला उत्तर माहीत होतं.

"डावा."

शनिवारी सुट्टी होताच ते एकटे दुकानात गेले. बाईंनी कार्ड आणि पॉवर सप्लाय बसवून दिला. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. अकरा वर्षांतला पहिला. "उद्या सकाळी येता का? आपल्याकडे शंका असली की डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरांना फिल्म दाखवतात. मला दुसरी नजर पाहिजे."

"मी नुसती टाईप करते हो."

"तुम्ही अकरा वर्षं रिपोर्ट टाईप करताय," ते म्हणाले. "या."

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वच्छ, जास्तच स्वच्छ. भांड्यांच्या फळीवर एक ताट, एक वाटी, दोन पेले. कॉम्प्युटरसमोर त्यांची खुर्ची आणि शेजारी एक प्लास्टिकची लाल खुर्ची. ती त्यांनी माझ्यासाठी खालच्या मजल्यावरून मागून आणली होती, घरात दुसरी नव्हती. टेबलाला एक छोटं स्टिअरिंग पकडीने बसवलेलं, खाली पायाशी पेडल.

गेम सुरू झाला तेव्हा मी क्षणभर सगळं विसरले. एवढं सुंदर असेल असं वाटलं नव्हतं. ओला रस्ता, त्यात आभाळाचा उजेड, लांबवर डोंगर, आणि डोंगरावर एकेक झाड वेगळं दिसत होतं. थांबाही बघत राहिले. आठ वर्षं ते या रस्त्यांवरून फिरत होते आणि त्यांना ते पहिल्यांदाच दिसत होते. "इथे नदी आहे होय," ते स्वतःशीच म्हणाले.

दहा वाजता दादा आले. मला ऐकू यावं म्हणून थांबांनी आवाज बाहेरच्या स्पीकरवर ठेवला होता. जाडसर, मोकळा आवाज. "काय बारक्या, निघायचं?" मी तिथे बसले आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मला चोरून ऐकल्यासारखं अवघडायला झालं.

दादांचा निळा ट्रक पुढे निघाला. पहिली दहा मिनिटं ठीक गेली. मग डावीकडचं एक वळण आलं आणि निळा ट्रक सरळच जात राहिला, कठड्याला घासला, ठिणग्या उडाल्या, मग सावरला. पुढे एका गावात डाव्या बाजूला उभी असलेली गाडी त्याने ढकलली. चित्र कुठेही अडखळत नव्हतं. मी थांबांकडे बघितलं नाही. त्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही.

रस्ता रुंद झाला तसा त्यांनी वेग वाढवला आणि आपला ट्रक दादांच्या डाव्या अंगाला नेला. अगदी शेजारी. इतका जवळ की त्या निळ्या दारावरचे पोचे मोजता आले असते. तसेच ते बरोबरीने चालवत राहिले. घड्याळात दोन मिनिटं गेली.

"दादा, मी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"असशील मागे. नेहमीसारखा."

थांबांनी हॉर्न दिला.

"हा कोण बोंबलतोय?" दादा म्हणाले, आणि निळा ट्रक हळूहळू डावीकडे सरकत आमच्यावर येऊन आदळला. पडदा हादरला. "अरे, हा कोण मधे आला?"

"मी आहे, दादा."

"तू कुठून उगवलास?"

"मी इथेच होतो."

नुसता इंजिनांचा आवाज येत राहिला. थांबांनी ट्रक कडेला घेतला. "दादा, गाडी बाजूला घे जरा."

"काय झालं?"

"तुला डावीकडचं दिसत नाहीये."

"तुझं ते कार्ड..."

"कार्ड काल बदललं."

स्पीकरमधून खुर्ची करकरल्याचा आवाज आला. मग दादा म्हणाले, "नंबर वाढला असेल चष्म्याचा."

"हा चष्म्याचा प्रकार नाही. दोन्ही डोळ्यांनी डावी बाजू जाते, तेव्हा ते डोळ्यांच्या मागचं असतं. डोक्यातलं. उद्या जाऊन दाखव. आणि तोवर गाडी चालवू नकोस."

"तू एक्स-रेवाला आहेस, बारक्या. डॉक्टर नाहीस."

"हो."

"पस्तीस वर्षं मी त्या क्रेनवर..."

"माहीत आहे मला."

"मग शिकवतोस कुणाला?"

थांबांनी स्टिअरिंगवरचा हात काढला. थोड्या वेळाने पडद्यावर एक ओळ उमटली, दुसरा खेळाडू बाहेर पडला आहे. निळा ट्रक होता तिथून नाहीसा झाला आणि ओला रस्ता तेवढा राहिला.

मी पाणी आणून दिलं. ते त्यांनी घेतलं नाही. फोन उचलून पुतणीला लावला आणि आमच्या डॉक्टरांसारख्या सपाट आवाजात सांगितलं, "डाव्या बाजूचं दिसणं गेलंय, दोन्ही डोळ्यांचं. मेंदूचा फोटो काढून घे. आजच निघ. येताना त्याच्या गाडीची किल्ली तुझ्याकडे घे. मी सांगितलं म्हणून सांग." तिकडून ती काहीतरी विचारत होती. "नाही, डॉक्टर सांगतील ते नंतर," थांबा म्हणाले. "आत्ता मी सांगतोय."

फोन ठेवल्यावर त्यांनी पेल्यातलं पाणी एका दमात प्यायलं. मी निघताना लाल खुर्ची उचलायला गेले, तर म्हणाले, "राहू द्या, मी नेतो खाली."

निदान तेच निघालं. मेंदूच्या मागच्या भागात रक्ताची गुठळी अडकून झटका येऊन गेला होता, केव्हातरी, कुणाला न कळता. दादांना एक दिवस डोकं दुखल्याचं आठवत होतं, त्यांनी गोळी घेतली होती आणि झोपले होते. गेलेलं दिसणं परत येण्यासारखं नव्हतं. पुढचा झटका येऊ नये म्हणून औषधं सुरू झाली, आणि ती वेळेत सुरू झाली असं तिथले डॉक्टर म्हणाले. गाडीचा परवाना गेला. गाडीशिवाय गावाबाहेरच्या घरात राहता येईना, म्हणून मुलीने त्यांना आपल्याकडे नेलं. घराला कुलूप लागलं. हे सगळं पुतणी थांबांना कळवायची. दादा फोनवर यायचे नाहीत. "बाबा झोपलेत," ती म्हणायची, आणि मागे दादांचा आवाज ऐकू यायचा.

रविवार येत राहिले. थांबांनी सुरुवातीला दोन-तीनदा एकट्याने ट्रक काढला. मी विचारलं, "कसं दिसतं आता?"

"सगळं दिसतं," ते म्हणाले.

नंतर त्यांनी काढला नाही. कॉम्प्युटर मात्र रविवारी सकाळी लावून ठेवायचे, न जाणो. एकदा मी म्हटलं, "सिनेमाला जाऊ या का? आमच्या जाऊबाई पण येतील." ते म्हणाले, "बघतो." मला त्यांचं बघतो माहीत होतं. मीही पुन्हा म्हटलं नाही.

त्या काळात त्यांच्यात एक फरक पडला. नियम त्यांनी मोडला नाही, पण वाईट फिल्म आली की ते पेशंटच्या मागोमाग बाहेर बाकापर्यंत जायला लागले. "रिपोर्ट आजच घेऊन जा," म्हणायचे. "तीन वाजता मिळेल. उद्यावर टाकू नका." आणि मग खिडकीतून माझ्याकडे कागद सरकवताना मलाही सांगायचे, "हा आधी घ्या." मी तो आधी घ्यायचे. एकदा डॉक्टर चिडले, क्रम का मोडला म्हणून. मी म्हटलं, माझ्याकडून कागद खाली-वर झाले.

चार-साडेचार महिन्यांनी दादांचा फोन आला. रविवारी नाही, बुधवारी, भर कामाच्या वेळी. थांबा शिशाचा एप्रन तसाच अंगावर ठेवून बाहेर जिन्यात गेले. वीस मिनिटं पेशंट खोळंबले. परत आले आणि काही न बोलता कामाला लागले. दुपारी डबा समोर ठेवून म्हणाले, "दादाने एकच विचारलं. तुला कधी कळलं?"

"मग?" मी विचारलं.

"त्याला वाटलं होतं, त्याच रविवारी. खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, त्याच्याआधी तीन महिने तरी." त्यांनी डब्याचं झाकण एकदा उघडलं आणि परत लावलं. "तो म्हणाला, तीन महिने मी रस्त्यावर गाडी चालवत होतो, बारक्या. आमच्या गल्लीत सगळी पोरं सायकलवर असतात."

"कुणाला काही झालं नाही ना," मी म्हटलं.

"नाही. आरसाच तुटला." मग म्हणाले, "तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडला नाही. आमच्याकडे कुणी ओरडत नाही."

चूक नव्हती असं मला म्हणता आलं नसतं, आणि चूक होती असं म्हणायचा मला अधिकार नव्हता. मी त्या बाकावर त्यांच्या शेजारी बसले होते आणि नंतर दोन आठवडे गप्प राहिले होते. त्या दोन आठवड्यांतलं अर्धं माझ्या वाट्याचं. ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे ऐकलं, एवढंच. शेवटी म्हणाले, "फोन ठेवताना म्हणाला, रविवारी कर."

तेव्हापासून ते दर रविवारी करतात. थांबांची निवृत्ती आता दोन वर्षांवर आली आहे. दादा मुलीच्या घरी खिडकीपाशी बसतात, औषधं घेतात, डावीकडे मान वळवून बघायची सवय त्यांना तिथल्या रुग्णालयातल्या एका बाईंनी शिकवली आहे. ट्रकचं नाव दोघंही काढत नाहीत. पुतणीने एकदा सुचवलं, काका, तुम्ही चालवा आणि बाबांना पडद्यावर दाखवा. दादांनी नको म्हटलं. शेजारी बसून बघण्यात त्यांना काही गोडी नव्हती, आणि थांबांनाही हुश्श झालं असावं.

मी विचारलं, फोनवर काय बोलता? थांबा म्हणाले, दादा विचारतो, काय चाललंय. मी म्हणतो, काही नाही. तो म्हणतो, इकडेही काही नाही. मग दोघं जरा वेळ फोन धरून बसतात. तिकडे पुतणीच्या स्वयंपाकघरात भांडी वाजत असतात, इकडे रस्त्यावरून कुणी जात असतं. एखाद्या वेळी पाच मिनिटं, एखाद्या वेळी दहा. आधी कुणी ठेवायचा हे ठरलेलं नाही, त्यामुळे कधी कधी त्यांच्या हातातल्या फोनची बॅटरीच संपते.